उन्हं चढायच्या आत

१८ मे १९९८ या दिवशी सुरेंद्र चव्हाण एव्हरेस्टच्या माथ्यावर पोहोचले. हृषीकेश यादव यांच्या नेतृत्वाखालची ती नागरी मोहीम तिबेटच्या बाजूने, नॉर्थ कोल आणि ईशान्य धारेच्या वाटेने चढली होती. एव्हरेस्ट गाठणारे पहिले मराठी गिर्यारोहक म्हणून चव्हाणांचं नाव राज्यभर झालं. पिंपरी-चिंचवडकरांना मात्र त्या बातमीतली दुसरी गोष्ट जास्त जवळची वाटली. हा माणूस टेल्कोत, म्हणजे आजच्या टाटा मोटर्समध्ये नोकरीला होता. पाळ्या, रजेचे अर्ज आणि उत्पादनाचे आकडे यांत आयुष्य काढणाऱ्या माणसांपैकी कुणी तरी जगातल्या सर्वांत उंच बर्फावर जाऊन येऊ शकतं, हे त्या दिवशी या औद्योगिक पट्ट्याला पहिल्यांदा कळलं.

पुढच्या पाव शतकात पुणे परिसरातून हिमालयात जाणारी वाट रुळली. १९८२ साली स्थापन झालेल्या ‘गिरिप्रेमी’ या पुण्याच्या संस्थेचे आठ गिर्यारोहक उमेश झिरपे यांच्या नेतृत्वाखाली मे २०१२ मध्ये एव्हरेस्टवर पोहोचले. १५ मे २०१९ रोजी याच संस्थेचे दहा जण एकाच दिवशी कांचनजुंगाच्या शिखरावर होते. १६ एप्रिल २०२१ रोजी भूषण हर्षे, डॉ. सुमित मांदळे आणि जितेंद्र गवारे यांनी अन्नपूर्णा सर केलं, आणि त्याच दिवशी साताऱ्याच्या प्रियांका मोहिते हिनेही. या साऱ्या तारखा एप्रिल-मेमधल्या आहेत. आपल्याकडे पत्र्याच्या शेड तापून कामगार घामाघूम होतात, त्याच दिवसांत हिमालयातली मोठी शिखरं चढली जातात.

ही झाली आठ हजार मीटरवरची माणसं. हा लेख त्यांच्या मागून जाणाऱ्या शेकडो जणांबद्दल आहे. भोसरीतला टूलरूमवाला, चाकणच्या असेंब्ली लाइनवरची इंजिनिअर मुलगी, आकुर्डीचा सेवानिवृत्त फिटर, हिंजवडीतलं संगणकवालं जोडपं. मे महिन्यात रजा टाकून ही मंडळी हिमाचल-उत्तराखंडात जातात आणि हिवाळ्यातून उरलेल्या बर्फावर पाय ठेवतात. त्यांच्यातल्या अनेकांबरोबर मी चाललो आहे. त्यांचं धाडस मला मनापासून आवडतं आणि त्यांची काळजीही वाटते. दोन्हीची कारणं पुढे सांगतो.

मावळातली तयारी

पिंपरी-चिंचवडला डोंगर शोधायला लांब जावं लागत नाही. निगडीची दुर्गा टेकडी घराजवळच आहे. पहाटे तिथे फेऱ्या मारणाऱ्यांत पहिल्या पाळीला जायच्या आधी घाम गाळणारे बरेच असतात. जुन्या महामार्गावर घोराडेश्वर आहे. तळेगाव ओलांडलं की लोहगड, विसापूर, तिकोना, तुंग हे सगळे पवन मावळचे सखेसोबती रविवारच्या आवाक्यात येतात. लोणावळा लोकलने मळवलीला उतरून लोहगडला गेला नाही असा ट्रेकर या भागात सापडणं कठीण.

मग कधी तरी हिमालयाची ओढ लागते. बहुतेकांची सुरुवात युथ हॉस्टेल्स असोसिएशनच्या सारपासने होते. कसोलचा तळ, तिथून टप्प्याटप्प्याने वर, सुमारे तेरा हजार आठशे फुटांवरची बर्फाळ खिंड आणि पलीकडे बर्फावरून बसून केलेली घसरगुंडी. घरी येऊन सगळ्यांना दाखवायचा फोटो तोच असतो. सारपास झाला की पुढच्या वर्षी ‘एखादं शिखर करू’ अशी भाषा सुरू होते, आणि नाव येतं ते मनालीजवळच्या फ्रेंडशिप शिखराचं. उंची ५,२८९ मीटर. महाराष्ट्राचं सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटर आहे. म्हणजे कळसूबाईवर कळसूबाई ठेवून, वर तिसरी ठेवली तरी फ्रेंडशिपचा माथा साडेतीनशे मीटर उरतोच.

इंटरनेटवरच्या जाहिरातींत या शिखराला ‘नवशिक्यांसाठी’ असं बिरुद लावलेलं असतं. तांत्रिक अर्थाने ते अगदीच खोटं नाही. कडा चढायचा नाही, सरळसोट बर्फाची भिंत नाही. पण नवशिक्याने कोणत्या दिवशी, किती वाजता आणि कोणत्या बर्फावर चालायचं, हे जाहिरातीत नसतं. सगळा जीव तिथेच अडकलेला असतो.

बर्फाचं घड्याळ

हिमाचलमध्ये बर्फ पडतो तो मुख्यतः डिसेंबर ते मार्च या काळात. पश्चिमेकडून एकामागून एक येणारे विक्षोभ तो घेऊन येतात. मे उजाडेपर्यंत मनालीतल्या सफरचंदाच्या बागा हिरव्या झालेल्या असतात, पण साडेतीन हजार मीटरच्या वर हिवाळ्याचा साठा अजून नाळांत आणि उतारांवर टिकून असतो. जूनअखेर पाऊस पोहोचेपर्यंत जो काळ मिळतो, तो चढाईचा हंगाम. या दिवसांत हिमोढावरच्या, म्हणजे हिमनदीने आणून टाकलेल्या, लहानमोठ्या दगडांचा खच बर्फाखाली झाकलेला असतो, हिमनदीतल्या भेगाही बऱ्याच बुजलेल्या असतात. सप्टेंबरमध्ये त्याच वाटेवर दगडांतून ठेचकाळत जावं लागतं. एव्हरेस्टवरचा मेचा हंगामही अशाच मधल्या वेळेचा आहे. वरच्या थरातले जोराचे वारे उत्तरेकडे सरकलेले असतात आणि मोसमी पाऊस अजून यायचा असतो.

उरलेला बर्फ मदत करतो, पण आपल्या वेळेप्रमाणे. दिवसा ऊन लागलं की वरचा थर वितळतो आणि पाणी खाली झिरपतं. रात्र निरभ्र असेल तर बर्फ आपली उष्णता मोकळ्या आकाशाकडे सोडतो आणि हवेचं तापमान शून्याच्या किंचित वर असलं तरी त्याचा पृष्ठभाग गोठून टणक होतो. हे वितळणं-गोठणं आठवडेच्या आठवडे चाललं की हिवाळ्यातल्या नाजूक हिमकणांचे कोपरे झिजतात आणि मक्याच्या दाण्यांसारखे जाड गोल कण तयार होतात. गोठलेले असेपर्यंत ते एकमेकांना घट्ट धरून ठेवतात. ऊन लागलं की त्यांच्यातली पकड सुटते.

म्हणून एकच उतार दिवसातून तीन वेगवेगळी रूपं दाखवतो. पहाटे तीन वाजता त्यावर बुटांखाली बांधलेल्या क्रॅम्पॉनचे दात कचकन बसतात आणि पाऊल जागचं हलत नाही. सकाळी आठला वरचा दोन बोटांचा थर मऊ झालेला असतो, चालायला तो सर्वांत सुखाचा. अकरा वाजता त्याच ठिकाणी पाय गुडघ्यापर्यंत जातो. तो उपसून काढायचा, पुढे टाकायचा, पुन्हा उपसायचा. ओला बर्फ क्रॅम्पॉनच्या तळाला गोळा होऊन चिकटतो आणि दातांचा उपयोग संपतो. ओढ्यांवरचे बर्फाचे पूल पहाटे वजन पेलतात, दुपारी दगा देतात.

याहून मोठा धोका डोळ्यांना दिसत नाही. पाणी मुरत मुरत खालच्या कठीण थरापर्यंत किंवा खडकापर्यंत पोहोचलं की वरचा सगळा ओला थर सुटून घसरू शकतो. हिमस्खलनं बहुतांशी ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर होतात, आणि शिखराकडे नेणारे उतार नेमके त्याच मापाचे असतात. पूर्वेकडे तोंड असलेल्या उतारांना ऊन आधी गाठतं, म्हणून तिथला बर्फ आधी बिघडतो.

रात्र ढगाळ असेल तर गणित आणखी बदलतं. उष्णता बाहेर पडत नाही, बर्फ नीट गोठतच नाही. म्हणून जाणता गाइड मध्यरात्री तंबूबाहेर आला की पहिल्यांदा वर बघतो, मग आइस अॅक्सचा, म्हणजे बर्फकुऱ्हाडीचा, दांडा बर्फात खुपसून बघतो. दांडा सहज आत गेला तर त्या दिवशीची चढाई रद्द. किती लांबून आलात, किती पैसे भरलेत, रजा किती उरली आहे, यांतल्या कशाचाही त्या निर्णयाशी संबंध नसतो.

फ्रेंडशिपची रात्र

पुण्याहून झेलम एक्स्प्रेस धरणारे अजूनही आहेत, बाकीचे विमानाने दिल्ली किंवा चंडीगड गाठतात. तिथून रात्रीच्या बसने मनाली, उंची सुमारे दोन हजार मीटर. मग सोलंग आणि धुंडी. ३ ऑक्टोबर २०२० रोजी खुल्या झालेल्या ९.०२ किलोमीटरच्या अटल बोगद्याचं दक्षिणेकडचं तोंड याच भागात आहे, त्यामुळे रस्ता आता चांगला झाला आहे. धुंडीपासून चालत बकरथाच. हे कुरण सुमारे ३,३०० मीटरवर आहे आणि बियास नदीचा उगम मानलं जाणारं बियासकुंड तिथून जवळच. त्यावर लेडी लेग नावाचा तळ, आणि मग शिखर.

प्रवास सोपा झाला ही आनंदाची गोष्ट, पण त्यातून एक नवी घाई जन्माला आली. समुद्रसपाटीपासून जेमतेम साडेपाचशे-सहाशे मीटरवर राहणारा माणूस शुक्रवारी पाळी संपवून निघतो आणि सोमवारी रात्री ३,३०० मीटरवर झोपतो. तीन हजार मीटरच्या वर मुक्कामाची उंची एका दिवसात पाचशे मीटरहून जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस विश्रांती घ्यावी, असा डॉक्टरांचा सर्वमान्य सल्ला आहे. डोकं दुखणं, मळमळणं, जेवण नकोसं होणं ही पहिली लक्षणं. विश्रांती घेऊनही धाप लागत असेल, खोकला वाढत असेल, चालताना तोल जात असेल किंवा बोलणं असंबद्ध होत असेल, तर फुप्फुसात किंवा मेंदूत पाणी साचू लागलेलं असू शकतं. तेव्हा ताबडतोब खाली उतरणं हाच खरा उपाय. ‘सकाळपर्यंत बघू’ म्हणणाऱ्यांची सकाळ कधी कधी उजाडत नाही.

चढाईच्या रात्री अकरा-बाराला उठायचं. बूट गारठून कडक झालेले असतात. चहा, दोन घास, हार्नेस, हेल्मेट, डोक्यावर दिवा. एकच्या आत पावलं सुरू झाली पाहिजेत. चौदाशे मीटरची चढाई एका दमात असते आणि शिखराजवळ हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याहून जरासाच जास्त उरतो. दहा पावलं टाकायची, थांबायचं, पुन्हा दहा. तिसरी पाळी केलेल्या माणसाला पहाटे तीन ते पाचची ती सुस्ती चांगली ठाऊक असते. शरीर थंड पडतं, हात आपले वाटत नाहीत, लक्ष विचलित होतं. बर्फावर याच वेळी प्रत्येक पाऊल नेमकं पडावं लागतं.

मग पूर्वेला फटफटतं. हनुमान टिब्ब्याच्या माथ्याला ऊन लागतं, सगळी पीर पंजाल रांग उजळून निघते. गॉगल डोळ्यांवर चढवायची वेळ हीच. ताजा बर्फ त्यावर पडलेला ऐंशी टक्क्यांहून जास्त प्रकाश परत फेकतो आणि हवा विरळ असल्याने अतिनील किरणही तीव्र असतात. तासाभराचा हलगर्जीपणा संध्याकाळी डोळ्यांत वाळू भरल्याची आग घेऊन येतो. हनुवटीखाली, नाकाच्या आतसुद्धा कातडी भाजते, कारण ऊन खालूनही येत असतं.

सात ते नऊच्या दरम्यान शिखर गाठणाऱ्यांचा दिवस बहुधा सुखरूप पार पडतो. दहा वाजता शिखर अजून तासाभरावर असेल तर परत फिरायला हवं. चढाईतलं सर्वांत अवघड काम हेच. माथा समोर दिसत असतो, आकाश निळंशार असतं, कुणालाही काहीही झालेलं नसतं. तरीही वळायचं, कारण ज्या उतारावरून उतरायचं आहे तो त्या क्षणी उन्हात वितळतो आहे.

सह्याद्री जे शिकवत नाही

आपल्या मुलांचे पाय आणि छाती तयार असते. मुरमाड घसाऱ्यावर, कारवीच्या रानात, पावसात निसरड्या झालेल्या पायऱ्यांवर ती लीलया चालतात. हे बळ हिमालयात उपयोगी पडतं, पण त्यातूनच एक चुकीचा आत्मविश्वासही येतो. सह्याद्रीत पाय घसरला तर गवताचा झुबका, कारवीचं खोड, दगडाची कपार असं काही ना काही हाताशी असतं. गोठलेल्या उतारावर घसरलेला माणूस क्षणात वेग पकडतो. पहिल्या दोन-तीन सेकंदांत पालथं होऊन, आइस अॅक्सचं टोक छातीच्या वजनाने बर्फात रुतवून थांबता आलं तर आलं. ही कृती हातांना सवयीची व्हायला सुरक्षित उतारावर पुन्हा पुन्हा घसरून बघावं लागतं, उजव्या कुशीवर, डाव्या कुशीवर, पाठीवर, डोकं खाली ठेवून.

सारपासवरची घसरगुंडी आठवून कुणी क्रॅम्पॉन पायात असतानाच बसून घसरायला गेला तर दात बर्फात अडकून घोटा मोडतो. दोराने एकमेकांना बांधून चालतानाही, एक जण पडल्यावर बाकीच्यांनी काय करायचं हे ठरलेलं नसेल, तर एकामागून एक सगळेच ओढले जातात.

अपघातांची उदाहरणं ताजी आहेत. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेचे प्रशिक्षणार्थी द्रौपदी का डांडा-२ या ५,६७० मीटर उंचीच्या शिखराजवळ हिमस्खलनात सापडले आणि पंचवीसहून अधिक जण दगावले. त्याच वर्षी मेमध्ये एव्हरेस्ट चढून आलेली प्रशिक्षक सविता कंसवालही त्यांत गेली. जून २०२४ च्या पहिल्या आठवड्यात उत्तरकाशीतल्याच सहस्रताल वाटेवर, चौदा हजार फुटांच्या आसपास, हिमवादळात अडकलेल्या २२ जणांच्या चमूतले नऊ जण थंडीने मृत्युमुखी पडले. पहिल्या घटनेत शिकलेली माणसं होती. दुसरी घटना शिखरावरची नव्हे, ‘ट्रेक’ची होती आणि तारीख उन्हाळ्यातली होती. शिक्षणाने धोका शून्य होत नाही आणि मे-जून आहे म्हणून हिवाळा परत येत नाही असंही नाही.

कारखान्याकडून डोंगराला

आता मूळ मुद्द्यावर येतो. सुरक्षेची जी शिस्त डोंगरावर हवी आहे, ती या पट्ट्यातल्या माणसाला नवी नाही. तो रोज आठ तास तिच्यातच वावरतो.

यंत्रात हात घालण्याआधी वीज तोडून कुलूप लावायचं आणि आपल्या नावाची पट्टी अडकवायची, हे इथल्या कामगाराला पहिल्या आठवड्यात शिकवतात. पाळी सुरू होताना टूलबॉक्स टॉक, म्हणजे सुरक्षेची छोटी चर्चा, होते. अपघात होता होता वाचला तर ‘निअर मिस’ची नोंद लिहिली जाते आणि लिहिणाऱ्याला शाबासकी मिळते. ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन पाळला जातो, शपथ घेतली जाते. चाकणच्या मोटारींच्या असेंब्ली लाइनवर अँडॉनची सोय असते. दोष दिसला की नवा भरती झालेला पोरगाही दोरी ओढून लाइन थांबवू शकतो, आणि थांबवल्याबद्दल त्याला कुणी रागवायचं नसतं.

हाच माणूस मेमध्ये बर्फावर सकाळी अकरा वाजता पुढेच चालत राहतो, कारण सोबतचे चालत असतात. डोकं ठणकत असतं, पण सांगत नाही, कारण सगळ्यांचा खोळंबा होईल. खाली आल्यावर घसरून वाचलेल्याची गोष्ट हसत सांगितली जाते, नोंद कुठेच होत नाही. पुढच्या वर्षी दुसरी तुकडी त्याच उतारावर, त्याच वेळी, तशीच घसरते.

पिंपरी-चिंचवडच्या गिर्यारोहण मंडळांनी कारखान्यातल्या या चार गोष्टी उचलून डोंगरावर नेल्या तर महाराष्ट्राला दाखवण्याजोगं काम होईल. निघण्यापूर्वी परत फिरण्याची वेळ लिहून ठेवावी आणि ती वर गेल्यावर बदलू नये. चमूतल्या सर्वांत नवख्या सदस्यालाही ‘थांबूया’ म्हणण्याचा अधिकार असावा आणि त्याला कारण विचारण्याआधी सगळ्यांनी थांबावं. मोहिमेनंतरच्या सत्कारात फोटोंबरोबर निअर मिसची वहीही वाचली जावी. आणि प्रत्येकाने रोज संध्याकाळी आपली तब्येत चमूच्या प्रमुखाला खरी सांगावी.

पाचवी गोष्ट माझ्या मते याहून मोठी आहे. ज्या पट्ट्यात कंत्राटी कामगाराच्या सुरक्षेसाठी भांडणं झाली आणि होत आहेत, तिथल्या लोकांनी डोंगरावरच्या कंत्राटी माणसाकडे डोळेझाक करू नये. आपली ओझी वाहणारा पोर्टर, तंबूत रात्री बर्फ वितळवून पाणी करणारा आचारी, पुढे राहून वाट फोडणारा गाइड, यांच्या पायात धड बूट आहेत का, डोळ्यांना गॉगल आहे का, नावावर विमा आहे का, हे पैसे भरण्याआधी विचारायला हवं. स्वस्तातली मोहीम बहुतेक वेळा त्यांच्या वाट्यातून स्वस्त झालेली असते.

रजेचा प्रश्न

शिकायचं कुठे, याची उत्तरं उपलब्ध आहेत. मनालीत अटलबिहारी वाजपेयी यांच्या नावाची पर्वतारोहण संस्था आहे, उत्तरकाशीला १९६५ साली सुरू झालेली नेहरू गिर्यारोहण संस्था आहे, दार्जिलिंगला १९५४ साली स्थापन झालेली हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट आहे. तिथला बेसिक कोर्स जवळजवळ महिनाभराचा असतो. बर्फावर चालणं, थांबणं, दोर बांधणं, भेगेतून माणूस वर काढणं, हे सगळं उस्तादांच्या नजरेखाली हातांत मुरवलं जातं. पुण्यातही गिरिप्रेमीच्या पुढाकारातून प्रशिक्षणाची सोय उभी राहिली आहे.

अडचण महिनाभराच्या रजेची आहे. कामगाराकडे तेवढी रजा एकदम नसते, आणि इंजिनिअरला ती मागायचा धीर होत नाही. म्हणून लोक आठ दिवसांत बसणारी मोहीम विकत घेतात आणि कोर्स ‘पुढे कधी तरी’वर ढकलतात. खेळाडूंना विशेष रजा देणाऱ्या कंपन्या या शहरात आहेत. बेसिक कोर्सला जाणाऱ्या कर्मचाऱ्यालाही ती मिळावी, ही मागणी कामगार संघटनांनी आणि मनुष्यबळ विभागांनी एकत्र बसून सोडवण्यासारखी आहे. दर वर्षी एका कारखान्यातून दोघेजण शिकून आले, तरी दहा वर्षांत त्या कारखान्याच्या प्रत्येक तुकडीबरोबर बर्फ समजणारा माणूस असेल.

येत्या मेमध्ये तुम्ही निघणार असाल तर अवश्य जा. उन्हात झळाळणारी ती रांग पाहिली की वर्षभराचा शीण खरोखर उतरतो. पण शिखराआधी कोर्सचा अर्ज भरा. गाइड निवडताना त्याने किती जणांना वर नेलं हे विचाराल, तसं किती वेळा परत फिरवलं हेही विचारा. परतीची वेळ वहीत लिहा, घरच्यांना सांगा आणि ती झाली की जिथे असाल तिथून वळा.